पाइपात काय आहे आणि ते कशाने अडले आहे : कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आयटीआय, पदविका किंवा रसायनशास्त्राची पदवी घेऊन नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरी, हिंगणा किंवा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी हेल्मेट आणि सेफ्टी शूज मिळतात, तासाभराचे प्रशिक्षण होते आणि ते झाल्याची सही रजिस्टरवर घेतली जाते. हे आवश्यकच आहे; पण हेल्मेट वरून पडणाऱ्या पान्यापासून वाचवते, फुटणाऱ्या रिअॅक्टरपासून (रासायनिक प्रतिक्रिया ज्यात घडवतात त्या भांड्यापासून) नाही. पाय घसरणे, बोट अडकणे, उंचावरून पडणे हे वैयक्तिक सुरक्षेचे विषय झाले. ज्वालाग्राही द्रव, विषारी वायू, दाब आणि उष्णता ज्या भांड्यांत व पाइपांत कोंडलेली असतात तिथून ती बाहेर पडू नयेत, यासाठीची सगळी तजवीज म्हणजे प्रक्रिया सुरक्षा. या दोहोंची गल्लत महागात पडते. अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी एक मनोरा प्रमाणाबाहेर भरला गेला, स्फोट झाला आणि १५ माणसे गेली. त्या काळात तिथले वैयक्तिक दुखापतींचे आकडे सुधारतच होते आणि व्यवस्थापन त्यांवरच समाधानी होते. म्हणून गेटवरच्या ‘अपघातमुक्त दिवस’ या फलकावरचा आकडा कितीही मोठा असला, तरी त्यावरून टाकीतल्या द्रवाविषयी काहीही कळत नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावे.

पुढील क्रम पहिल्या महिन्यात ज्या क्रमाने या गोष्टी शिकून घ्याव्यात असे मला वाटते, त्या क्रमाने लावला आहे. कायद्याचा भाग मुद्दाम नंतर ठेवला आहे, कारण यंत्र आणि पदार्थ ठाऊक नसताना वाचलेले कलम लक्षात राहत नाही.

पहिली पायरी : पदार्थ ओळखा

आपल्या विभागात येणाऱ्या, तयार होणाऱ्या आणि टाकाऊ म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रसायनाची यादी स्वतःच्या वहीत करावी आणि प्रत्येकाचे सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला कारखान्यात सर्रास ‘एमएसडीएस’ म्हणतात, ते मागून घ्यावे. हे पत्रक १६ भागांचे असते. सगळे वाचण्याइतका वेळ नसेल तर दुसरा भाग (धोके), चौथा (प्रथमोपचार), नववा (भौतिक गुणधर्म) आणि दहावा (स्थिरता व कशाशी प्रतिक्रिया होते) एवढे तरी वाचावेत. पत्रक इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर सुपरवायझरकडून मराठीत समजावून घेण्यात कमीपणा मानू नये.

नवव्या भागातील फ्लॅश पॉइंट हा आकडा आधी शोधावा. ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, ते हे तापमान. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नागपूरच्या डिसेंबरातल्या पहाटेही उघड्या टोल्युइनवर पेट घेईल इतकी वाफ असते. विदर्भातील सोयाबीनचे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये वापरले जाणारे हेक्झेन तर उणे २२ अंशांच्या आसपासच पेट घ्यायला तयार असते. त्याची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते, त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते, गटारात आणि केबलच्या चरात उतरते, आणि हवेत तिचे प्रमाण जेमतेम १.१ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. गळती एका जागी आणि पेट दुसऱ्याच जागी, असे म्हणूनच घडते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब मात्र कोणत्याही पत्रकात मिळत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो. रंगकामात वापरल्या जाणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट साधारणपणे ३० ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. जानेवारीत हा द्रव बऱ्यापैकी निरुपद्रवी वाटतो. मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांवर गेले आणि ड्रम पत्र्याच्या शेडखाली असला, की तोच द्रव पेट्रोलच्या रांगेत जाऊन बसतो. पत्रकातले ‘थंड, हवेशीर जागी ठेवावे’ हे वाक्य नागपुरात वाचताना त्याचा अर्थ प्रत्यक्ष थर्मामीटर लावून तपासावा.

दाबाचेही तेच. शीतगृहांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियाचा संतृप्त दाब (बंद भांड्यात द्रवावर त्याच्याच वाफेचा असणारा दाब) २५ अंशांना सुमारे १० बार असतो, तो ४५ अंशांना १८ बारच्या जवळ जातो. म्हणजे संत्री आणि मिरची साठवणाऱ्या शीतगृहातील कंडेन्सर, पाइप आणि रिसिव्हर यांच्यावर सर्वाधिक ताण नेमका अशा दुपारी येतो, जेव्हा वीज कमी-जास्त होत असते आणि माणसे उकाड्याने थकलेली असतात. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे पुस्तकातले वाक्य खरे असले, तरी दाबाखालचा द्रव अमोनिया फुटलेल्या पाइपातून बाहेर येतो तेव्हा थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो. त्यामुळे ‘वर निघून जाईल’ या भरवशावर तिथे थांबू नये.

वासावर विसंबण्याची सवय तर पहिल्या दिवसापासूनच मोडावी. सांडपाण्याच्या टाक्यांत तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचे प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) पुढे गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस पुढे जातो आणि तिथेच कोसळतो. गुदमरवणाऱ्या नायट्रोजनला तर वासच नसतो.

दुसरी पायरी : लाइन पायी फिरून पाहा

आपल्या विभागाचे आकृतिपत्र, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरणे दाखवणारा नकाशा, हातात घेऊन एखाद्या जुन्या ऑपरेटरबरोबर टाकीपासून शेवटच्या पॅकिंगपर्यंत चालत जावे. नकाशात असलेला व्हॉल्व्ह जागेवर नसणे, जागेवर असलेली फांदी नकाशात नसणे, ड्रेनचे तोंड बंद न करता सोडलेले असणे, अशा गोष्टी पहिल्याच फेरीत दिसतात. त्या वहीत लिहाव्यात आणि विचाराव्यात. नव्या माणसाला प्रश्न विचारायची मुभा असते. सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणून हा काळ वाया घालवू नये.

तिसरी पायरी : प्रत्येक संरक्षण आज चालू आहे का, ते विचारा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. कारखाना उभारताना रक्षणाच्या व्यवस्था भरपूर घातलेल्या असतात : सेफ्टी व्हॉल्व्ह, रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती), पातळी वाढली की पंप बंद करणारा इंटरलॉक, तापमानाचा अलार्म, गॅस डिटेक्टर, स्क्रबर, फ्लेअर, स्प्रिंकलर. प्रश्न त्या आहेत का हा नसतो, आत्ता या पाळीत त्या काम करत आहेत का हा असतो.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले आणि प्रतिक्रिया सुरू झाली. हा पदार्थ थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. बाहेर पडणारा वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर कार्यरत स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर गंजलेल्या पाइपाच्या दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. पाण्याचा फवारा वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचला नाही. कागदावर संरक्षणाचे थर एकावर एक होते. त्या रात्री त्यांतला एकही पुरेसा उभा नव्हता, आणि प्रत्येक थर बंद करताना कोणाला ना कोणाला ते किरकोळ वाटले होते.

आपल्या विभागात हे कसे दिसते? इंटरलॉकच्या पॅनेलमध्ये दोन टर्मिनलांना जोडणारी छोटी वायर, ज्याला ‘जंपर’ म्हणतात, ती कोणीतरी ‘फक्त आजच्यापुरती’ टाकलेली असते, कारण लेव्हल स्विच सारखा खोटा ट्रिप देत होता. सेफ्टी व्हॉल्व्हखालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद असतो आणि त्याचे लॉक उघडे लटकत असते. गॅस डिटेक्टरवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. अलार्म वाजतो आणि ऑपरेटर न पाहता स्वीकृतीचे बटण दाबतो, कारण तो अलार्म रोजच वाजतो. यांतली प्रत्येक गोष्ट ओळखीची झाली, की डोळ्यांना दिसेनाशी होते.

यासाठी एक साधी पद्धत ठेवावी. विभागातील संरक्षणाच्या दहा-बारा महत्त्वाच्या उपकरणांची यादी करावी, प्रत्येकासमोर शेवटच्या चाचणीची तारीख लिहावी आणि पाळी सुरू होताना त्यांतली कोणती बायपासवर (तात्पुरती निष्क्रिय) आहेत, कोणाच्या लेखी परवानगीने आणि कधीपर्यंत, हे विचारावे. तोंडी परवानगीवर चाललेला बायपास दिसल्यास तो लॉगबुकात नोंदवावा. भांडण करण्याची गरज नाही. लिहिलेली ओळ पुष्कळदा भांडणापेक्षा जास्त काम करते.

चौथी पायरी : उष्णतेचा हिशेब समजून घ्या

रिअॅक्टर असलेल्या विभागात असाल तर हा भाग नीट वाचावा, नसाल तर पुढे गेलात तरी चालेल.

बहुतेक प्रतिक्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. रिअॅक्टरभोवतीच्या आवरणातील, म्हणजे जॅकेटमधील थंड पाणी मात्र उष्णता सरळ प्रमाणातच काढते. एका मर्यादेपर्यंत दोन्ही जुळतात. ती मर्यादा ओलांडली की उष्णता निघण्यापेक्षा वेगाने तयार होते, तापमान वाढते म्हणून वेग वाढतो आणि वेग वाढतो म्हणून तापमान वाढते. यालाच प्रतिक्रिया हाताबाहेर जाणे म्हणतात. भांडे मोठे झाले की हा धोका वाढतो, कारण आकारमान घनाच्या प्रमाणात वाढते आणि थंड होणारा पृष्ठभाग फक्त वर्गाच्या प्रमाणात. कपातला चहा पाच मिनिटांत निवतो, पण लग्नातल्या पातेल्यातला भात पंगती उठेपर्यंत वाफाळत राहतो. प्रयोगशाळेत चंचुपात्रात शांतपणे झालेली प्रतिक्रिया पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तितकीच शांत राहील, हे गृहीत धरण्याचे कारण नाही.

ढवळणी बंद पडणे ही यातली सर्वांत फसवी परिस्थिती असते. वीज गेली, ढवळणी थांबली, पण वरून दुसरे रसायन पडतच राहिले, तर ते न मिसळता एका थरात साचते आणि तापमान वाढत नसल्यामुळे सगळे ठीक वाटते. वीज आल्यावर कोणी घाईने ढवळणी सुरू केली, की साचलेले सारे एकाच वेळी प्रतिक्रिया करते. नागपुरात वळवाच्या पावसाआधी वादळी वाऱ्याने वीज जाणे नवीन नाही. त्यामुळे वीज गेल्यास फीड आपोआप बंद होते की हाताने बंद करावे लागते, आणि ढवळणी पुन्हा सुरू करण्याआधी कोणाला विचारायचे, हे वीज असतानाच विचारून ठेवावे.

साठवणुकीची टाकीही रिअॅक्टर होऊ शकते. विशाखापट्टणमजवळ ७ मे २०२० रोजी टाळेबंदीनंतर एका कारखान्यातील टाकीत साठलेले स्टायरीन स्वतःशीच प्रतिक्रिया करत तापले, त्याची वाफ वस्तीत पसरली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. टाकी बंद होती, उत्पादन बंद होते. रसायन मात्र बंद नव्हते.

पाचवी पायरी : परमिटचा कागद वाचायला शिका

देखभालीच्या कामात धोका सर्वाधिक असतो, कारण कोंडलेली गोष्ट मुद्दाम उघडली जाते. म्हणून वेल्डिंग-कटिंगसारखे हॉट वर्क, बंदिस्त जागेत प्रवेश, लाइन उघडणे, उंचीवरचे काम, विजेचे काम यांसाठी परमिट काढले जाते. परमिट म्हणजे सह्यांचा कागद नव्हे; काम देणाऱ्याने आणि काम करणाऱ्याने जागेवर उभे राहून एकमेकांना दिलेली माहिती. ऑफिसात बसून सही केलेले परमिट तुमच्या हातात आले, तर काम सुरू करण्याआधी ‘साहेब, एकदा जागेवर येऊन दाखवता का?’ असे नम्रपणे म्हणावे.

लाइन उघडण्याचे काम जवळून पाहू. गेज शून्य दाखवते म्हणून पाइप रिकामा आहे असे धरू नये. गेजची नळी चोक झालेली असू शकते. पाइप दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्ह बंद करून वेगळा केलेला, ड्रेन आणि व्हेंट उघडलेले, शक्य असेल तिथे ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी धातूची चकती) टाकलेला आणि पंपाच्या ब्रेकरवर स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात, ही तयारी आधी असावी. कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण एकदा दाबून पाहावे. चुकीचा ब्रेकर पाडला असेल तर तेव्हाच कळते. मग फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडकड्यांचे, बोल्ट सोडताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि आपल्यापासून दूरच्या बाजूचे बोल्ट आधी, तेही पूर्ण न काढता, दोन-तीन आटे सैल करावेत. आत काही उरले असेल तर ते पलीकडून निघते आणि अलीकडचे बोल्ट अजून जागेवर असल्याने फ्लँज पुन्हा आवळता येतो. जवळचे बोल्ट आधी सोडणाऱ्याच्या छातीवर आतले ॲसिड येते.

बंदिस्त जागेत, म्हणजे टाकी, रिअॅक्टर, सांडपाण्याचा हौद, सायलो यांत, बंद केलेल्या व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून कधीही उतरू नये. व्हॉल्व्ह गळतात, ब्लाइंड गळत नाही. हवा तळाशी, मध्यावर आणि वर अशा तिन्ही ठिकाणी मोजावी. आधी ऑक्सिजन मोजावा, कारण ज्वालाग्राही वायू मोजणाऱ्या बहुतेक संवेदकांना नीट काम करायला ऑक्सिजन लागतो. तो साधारण १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान असावा. मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू. बाहेर दोरी धरणारा माणूस असावा आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. जुन्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र, किंवा श्वसन उपकरण आणि बाहेरून धरलेली दोरी यांची अट होती, तर कलम ३६-क नुसार अशा जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेता येत नसे.

आत कोसळलेल्या सहकाऱ्याला वाचवायला तसेच उतरणे ही अशा अपघातांतली सर्वांत दुःखद गोष्ट आहे. एकामागोमाग एक उतरलेले तीन-चार जण दगावल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. बाहेरून दोरीने ओढता येत असेल तर ओढावे, ओरडून मदत बोलवावी, पण श्वसन उपकरणाशिवाय पाय आत टाकू नये.

परमिटचा दुसरा कमकुवत दुवा म्हणजे पाळी बदलणे. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलमंचावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता; ही माहिती पुढच्या पाळीपर्यंत नीट पोहोचली नाही, तो पंप सुरू करण्यात आला आणि पुढच्या आगीत १६७ माणसे गेली. त्यामुळे रात्रपाळीचा माणूस कितीही घाईत असला, तरी उघडी परमिटे, बायपास आणि अर्धवट कामे यांबद्दल समोरासमोर बोलल्याशिवाय ताबा घेऊ नये. बसच्या वेळा यात आड येतात हे खरे आहे, आणि कारखान्याने बस दहा मिनिटे उशिरा सोडावी ही मागणी सुरक्षा समितीत मांडण्याजोगी आहे.

‘तात्पुरत्या’ बदलांबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी २८ जण मृत्युमुखी पडले. काढून ठेवलेल्या एका रिअॅक्टरच्या जागी, पुरेसे गणित न करता बसवलेला तात्पुरता पाइप निखळला होता. मूळ वस्तूऐवजी दुसऱ्या धातूचा गास्केट, वेगळ्या मापाचा पाइप, वेगळ्या पुरवठादाराचा कच्चा माल, हे सगळे बदलच आहेत आणि त्यांना लेखी तपासणी लागते.

विदर्भातले काही खास धोके

पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांमध्ये मुख्य शत्रू पाणी आहे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा व्यापते. वितळलेल्या धातूखाली ओला भंगार, पाणी साचलेला बंद डबा किंवा भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचे गळणारे कॉइल सापडले, की धातू भट्टीबाहेर उडतो. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला भंगार म्हणूनच आधी वाळवावा आणि बंद पोकळ तुकडे कापून घ्यावेत.

डाळ मिल, स्टार्च, साखर, अॅल्युमिनियमची भुकटी अशा ठिकाणी साधी धूळही स्फोटक ठरते. पहिला छोटा स्फोट तुळयांवर साचलेली धूळ उडवतो आणि दुसरा, मोठा स्फोट त्या धुळीचा होतो. म्हणून झाडताना कॉम्प्रेस्ड एअरने धूळ उडवू नये; ओढून घेणारे यंत्र वापरावे आणि नजरेच्या वर असलेल्या कडा आधी पाहाव्यात.

स्फोटके आणि दारूगोळा यांचे कारखाने नागपूरच्या आसपास मोठ्या संख्येने आहेत, आणि बाजारगाव (डिसेंबर २०२३), धामणा (जून २०२४) व भंडाऱ्याजवळील जवाहरनगर (जानेवारी २०२५) येथील स्फोट या भागात सर्वांना ठाऊक आहेत. अशा शेडच्या दारावर आत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक असू शकते याची मर्यादा लिहिलेली असते. ‘जरा मदतीला ये’ म्हणून कोणी बोलावले आणि तुमच्या जाण्याने ती माणसांची मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर दाराबाहेर थांबावे. ही मर्यादा काम लवकर आटोपण्यासाठी नसून, वाईटात वाईट झाले तरी कमीत कमी माणसे आत असावीत यासाठी आहे.

कायदा : कोण काय पाहते आणि तुम्हाला काय मागता येते

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांसाठी प्रकरण चार-क घालण्यात आले. कामगाराच्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत : धोक्यांची माहिती कामगारांना देण्याचे भोगवटादाराचे (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणाऱ्याचे) कर्तव्य, कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती, आणि आसन्न, म्हणजे अगदी जवळ आलेल्या, धोक्याची शंका आल्यास व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा कामगाराचा हक्क. धोकादायक प्रक्रियेतील कामगारांची त्या कामावर नेमण्यापूर्वी आणि त्यानंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी व्हावी, अशीही तरतूद त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली असून तिने कारखाना अधिनियमासह १३ कायद्यांची जागा घेतली आहे. धोकादायक प्रक्रियांविषयीच्या या तरतुदींचा गाभा संहितेतही आहे. नियुक्तिपत्र देणे तिने बंधनकारक केले आहे, आणि ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० पासून, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. संक्रमणाच्या काळात जुन्या कलमांचे क्रमांक लोकांच्या तोंडी राहणारच आहेत, म्हणून दोन्ही ठाऊक असलेले बरे.

महाराष्ट्रात कारखान्यांची पाहणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते आणि त्याचे कार्यालय नागपुरातही आहे. बाष्पके वेगळ्या संचालनालयाकडे असतात. पेट्रोलियम, स्फोटके, गॅस सिलिंडर आणि दाबपात्रे यांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयच नागपुरात आहे. देशभरातले उद्योजक ज्या कार्यालयाकडे अर्ज करतात ते आपल्या शहरात असूनही इथल्या कामगाराला त्याचे नाव अनेकदा ठाऊक नसते.

मोठ्या साठ्यांसाठी घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात नियम, १९८९ लागू होतात. उदाहरणार्थ, साठवणुकीत क्लोरीन १० टनांवर गेले की आपत्कालीन योजनेसह अनेक जबाबदाऱ्या येतात आणि २५ टनांवर सविस्तर सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. कारखान्यांतर्गत योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी, असे हेच नियम सांगतात. पण कायद्याची मर्यादा ही धोक्याची मर्यादा नसते. पाणी शुद्ध करण्यासाठी ठेवलेला ९०० किलोचा एक क्लोरीन टनर (मोठे आडवे सिलिंडर) या मर्यादेच्या खूप खाली आहे, आणि तो गळला तर सबंध आवार रिकामे करावे लागते.

सायरन वाजल्यावर

सायरनचे प्रकार, जमण्याच्या जागा आणि तिथे हजेरी घेणारी व्यक्ती पहिल्या आठवड्यातच माहीत करून घ्यावी. जमण्याच्या जागा एकापेक्षा जास्त असतात, कारण वायुगळतीत वाऱ्याच्या दिशेला धावणे म्हणजे ढगाबरोबर धावणे. छपरावरचा वातकुक्कुट किंवा कापडी नळी पाहून आधी वाऱ्याला आडवे निघावे, मग वाऱ्याच्या उलट बाजूला जावे. रसायन अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे. सेफ्टी शॉवरची साखळी आज ओढून पाहावी आणि दुपारी त्यातले पाणी उकळते येत नाही ना, हेही पाहावे, कारण उन्हात पडलेल्या पाइपातले पाणी मे महिन्यात स्वतःच भाजते. बाहेरची मदत ११२ किंवा १०१ वर आणि रुग्णवाहिका १०८ वर मिळते. फोन करताना कारखान्याचे नाव, प्लॉट क्रमांक, रसायनाचे नाव आणि कोणत्या गेटने यायचे ते सांगावे.

तक्रार करावी लागली तर

आधी सुपरवायझर, मग सुरक्षा अधिकारी, मग सुरक्षा समितीतला आपला प्रतिनिधी, हा क्रम ठेवावा. धोका आसन्न असेल तर क्रमाची वाट पाहू नये. तक्रार लेखी असावी आणि तिच्यात मत कमी, निरीक्षण जास्त असावे : ‘सेफ्टीकडे लक्ष नाही’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या टाकीचा कोणता इंटरलॉक कोणत्या तारखेपासून, कोणत्या पाळीत बायपासवर आहे, ते लिहावे. प्रत स्वतःकडे ठेवावी आणि तिच्यावर मिळाल्याची सही व तारीख घ्यावी. ठेकेदाराकडे असाल तर प्रत मुख्य कारखान्याच्या व्यवस्थापनालाही द्यावी, कारण गेटच्या आतल्या सुरक्षिततेची जबाबदारी ठेकेदारावर ढकलून भोगवटादाराला मोकळे होता येत नाही. दुखापत किरकोळ वाटली तरी अपघात नोंदवहीत नोंद करून घ्यावी. पुढे ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) दावा करण्याची वेळ आली, तर तीच नोंद पुरावा म्हणून मागितली जाते.